चौदाव्या पानावरचं दार

जेनोवा, ११ ऑक्टोबर १९८८

प्रिय कोर्रादो,

'प्रिय' लिहिलं, पेन खाली ठेवलं, उठून दूध उतू जातंय का ते पाहून आले आणि परत बसले. खोडणार होते तो शब्द. पण पत्राची सुरुवात दुसरी कशी करतात ते मला कुणी शिकवलेलं नाही, आणि 'माननीय प्रोफेसर बिफोली' असं तुला लिहायला लागले तर माझं मलाच हसू येईल. ज्याला मी आमच्या देवडीत बसून कॉफीत फोकाच्चा बुडवून खायला शिकवलं, ज्याने पहिल्या दिवशी "शी! खारट रोटी कॉफीत? माणसं आहात की कोण?" म्हणून नाक मुरडलं आणि चौथ्या दिवशी माझ्या वाटणीचाही तुकडा बुडवून खाल्ला, त्याला माननीय काय म्हणायचं! तेव्हा प्रिय राहू दे. जास्त अर्थ लावू नकोस.

हे माझं तुला चौथं पत्र. पहिली तीन मी एकसष्टच्या हिवाळ्यात लिहिली होती, तुझं पुस्तक निघालं तेव्हा. एकाचंही उत्तर आलं नाही. तिसऱ्या खेपेला पोस्टातली बाई तिकीट चिकटवता चिकटवता म्हणाली होती, "पोरी, पत्रं फ्लोरेन्सला पोचतात गं, उत्तर लिहायला तिथल्या लोकांना सवड नसते." आम्हा जेनोवाच्या लोकांना कुरकुर केल्याशिवाय जेवण पचत नाही, असं तूच म्हणायचास ना? तर समज, इतक्या वर्षांची साठलेली कुरकुर आज एकदम वाढणार आहे. पान मांडून बस.

आधी बातमी. बोन्तेर्रा महाल विकला गेला. म्हाताऱ्या मालकीण मार्केझाबाई गेल्या, पुतण्यांना तो ठेवायचा नव्हता, आणि आता तिथे संगीतशाळा भरणार आहे. मी अजून तिथेच आहे, देवडीवरच्या अर्ध्या मजल्यावर. आई गेली तेव्हा दाराच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या. हो, चित्रशाळेत रेखाटनात पहिली आलेली एर्सिलिया आज जिना पुसते, पत्रं वाटते आणि पायपुसण्यावर पाय न पुसणाऱ्यांना शिव्या देते. शिव्या मात्र पहिल्या नंबरच्या देते, ती कला गेलेली नाही.

तर ऑगस्टअखेर एक इंजिनिअर आले, ओनेतो नावाचे. चाळिशीचे, इस्त्रीचे, काखेत तुझं पुस्तक. मानाच्या मजल्यावर, मालकांच्या जुन्या दालनांत, मुलं शिकणार, तर आग लागली तर उतरायला दुसरी वाट हवी, असा नियम आहे. त्यांनी पुस्तक उघडलं, पान चौदा, 'कोपऱ्याची खोली, मूळ रचना', आणि बोट ठेवलं. "हे बघा सिन्योरा, पश्चिमेच्या भिंतीत दार आहे. पुढे कधीतरी कुणीतरी ते बुजवलं आणि वर चित्र रंगवलं. आपण उघडू. एकोणीस सप्टेंबर, सोमवारी गवंडी येतील." माझ्या हातातली बादली तिथेच राहिली. कारण ते चित्र माझ्या बाबांनी काढलं होतं, त्याच्यामागे दार कधीच नव्हतं, आणि पुस्तकातलं ते दार कुणी काढलं होतं ते जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक मी. दुसरा तू.

तू ती खोली कधी पाहिली नाहीस, म्हणून सांगते. तुझ्या पुस्तकात तिचा फोटोसुद्धा नाही, हे मी बघितलंय. महालातल्या बाकीच्या खोल्यांसारखीच तिची रचना, दारासमोर दार यायला हवं. पण त्या खोलीच्या पश्चिमेची भिंत म्हणजे महाजिन्याच्या कमानी छताचा खांदा. तिला भोक पाडलं तर जिन्यावरचं छत जिन्यात येईल. म्हणून जुन्या लोकांनी तिथे दार नुसतं रंगवलं. आमच्याकडे यात नवल ते काय? गल्लीत दहा खिडक्या दिसल्या तर चार रंगवलेल्या असतात, आणि आम्ही चारही उन्हाळ्यात बंद ठेवतो असं परक्यांना सांगतो. युद्धातल्या बाँबने ते जुनं रंगवलेलं दार गळून पडलं, आणि सेहेचाळीस साली बाबांनी नवं रंगवलं. अर्धं उघडं. फटीतून एक आठ वर्षांची मुलगी डोकावते, हातात दातांनी तोडलेला फोकाच्चा. ती मी. बसायला सांगितलं तर मी गप्प बसेना, म्हणून खायला दिलं होतं.

आणि समोर, पूर्वेच्या भिंतीत, बरोबर उलटा प्रकार. तिथे नुसती रंगवलेली भिंत दिसते, पट्टे आणि वेलबुट्टी, पण त्यातलीच एक फळी म्हणजे चोरदरवाजा. मागे अरुंद जिना, थेट आमच्या अर्ध्या मजल्यावर, कपड्यांच्या कपाटामागे उतरणारा. पूर्वी मोलकरणी त्यातून गरम पाणी वर न्यायच्या, पाहुण्यांना दिसू नये म्हणून. ती खोली रिकामी असायची तेव्हा बाबांचा एक ठरलेला खेळ होता. नवा पाहुणा आला की त्याला कोपऱ्याच्या खोलीत नेऊन म्हणायचे, "जरा ते दार उघडता का हो, कोंदट वाटतंय." ज्याने रंगवलेल्या मुठीला हात लावला त्याने खुर्चीवर चढून गाणं म्हणायचं. मार्केझाबाईंचे वकील गायले, आमचे पाद्री गायले. बाबा म्हणायचे, गायला तो घरचा झाला.

एकोणसाठचा उन्हाळा आठवतो तुला? तू आलास तो फ्लोरेन्सची ऐट घेऊन. तुमच्याकडे महाल म्हणजे सपाट जमिनीवर ठेवलेली दगडी पेटी, चारी बाजूंनी खडबडीत दगड, मधे चौक, झालं. आमचं शहर डोंगराला लटकलेलं. देवडीतून शिरा, जिना चढा, तेव्हा कुठे चौक लागतो. आणखी चढा, मानाचा मजला. आणखी चढा, दुसरा मानाचा मजला, आणि मागच्या बागेतून बाहेर पडा तर पुन्हा रस्ताच! तू पहिल्या दिवशी चौक शोधत खाली खाली गेलास आणि आईने तुला कोळशाच्या खोलीतून काळा करून बाहेर काढलं. "हा कोण चिमणी साफ करणारा?" बाबांनी विचारलं. "हा महालांवर पुस्तक लिहिणारा," आई म्हणाली. बाबा तीन दिवस हसत होते.

पुस्तक तू लिहिणार, रेखाटनं मी करणार, मुखपृष्ठावर दोघांची नावं, असं ठरलं होतं. तूच म्हणालास, मी मागितलं नव्हतं. तुझ्या रेघा थरथरायच्या, तुला माहीत होतं ते. तू फितीचं एक टोक धरायचास आणि मी दुसरं, आणि आकडे मी माझ्या वहीत लिहून घ्यायची. तुमच्याकडचं जुनं माप हात, आमच्याकडचं वीत. मी म्हटलं, "हाताने मोजणाऱ्याला वितीत काय कळणार?" तर तू माझा पंजा पसरून वीत मोजलीस. मोजून झाली तरी पंजा सोडला नाहीस. मी प्रत्येक पानाखाली वितीची मापपट्टी काढायला लागले ती त्या दिवसापासून. बेचाळीस पानं. बेचाळीस मापपट्ट्या. पुस्तकात सगळ्या जशाच्या तशा आहेत.

कोपऱ्याची खोली त्या वर्षी मार्केझाबाईंनी स्वतःला निजायला घेतली होती. ती आम्हाला शेवटपर्यंत मिळत नव्हती. शेवटी एका गुरुवारी बाई डोंगरावर हवा पालटायला गेल्या आणि आईने किल्ली दिली, दिवसभरासाठी. आणि तू? तू मित्रांबरोबर नेर्वीला पोहायला गेलास. "एकच तर खोली आहे, एर्सिलिया. तू मोज, माझा तुझ्यावर विश्वास आहे." तेव्हा ते वाक्य मी दिवसभर चघळलं, साखरेच्या गोळीसारखं. आज वाटतं, विश्वास हा शब्द आळशी माणसांनी शोधून काढला असावा.

आदल्या संध्याकाळी कमानींच्या सज्जात तू मला एक प्रश्न विचारला होतास. आठवत असेल, नसेल. मी म्हणाले, "उत्तर चौदाव्या पानावर देते. पान हातात घेऊन त्या खोलीत जायचं, आणि दार उघडायचं." तू म्हणालास, "तुम्ही जेनोवावाले हो-नाहीसुद्धा नकाशात काढून देता!" आणि तो दिवसभर मी तुझ्यासाठी एक गंमत रचत बसले. चौदाव्या पानावर मी खोली उलटी काढली. खोट्या दाराला खरं केलं, झडपा कशा उघडतात ते दाखवणाऱ्या कमानदार रेघासुद्धा काढल्या, आणि चोरदरवाजा काढलाच नाही, तिथे भिंत. मनात काय होतं सांगू? तू पान घेऊन येशील, रंगवलेल्या मुठीला हात लावशील, आणि मी तुझ्या पाठीमागून, भिंतीतून बाहेर येईन. बाबा खुर्ची घेऊन तयार होते. तुला गाणं येतं का, असं त्यांनी मला दोनदा विचारलं.

शुक्रवारी सकाळी तू घाईत आलास. तुझ्या गुरुजींनी बोलावलं होतं. बेचाळीस पानं गुंडाळीत घातलीस, मी स्वतः दोरी बांधली. "चौदावं पाहिलंस?" "गाडीत पाहतो. आठ दिवसांत आलो." मी आठ दिवस कपाटामागच्या त्या जिन्यात झाडू मारत होते, रे. जाळी काढली, बिजागरीला तेल दिलं. मग आणखी आठ दिवस. मग बाबांनी एके दिवशी ती खुर्ची उचलून स्वयंपाकघरात परत आणून ठेवली.

पुस्तक आलं एकसष्टच्या नोव्हेंबरात. बाबांनीच दुकानाच्या काचेत पाहिलं आणि कोटाच्या आत लपवून आणलं, पावसात पाव आणतात तसं. मुखपृष्ठावर एकच नाव. मी आभाराचं पान काढलं. गुरुजी होते, तुझे आईवडील होते, मामा होते, आणि शेवटच्या ओळीत, 'महालाच्या दाराशी राहणाऱ्या कुटुंबाचे, त्यांच्या कॉफीबद्दल.' कॉफीबद्दल! कोर्रादो, मी चार महिने वाकून वाकून पाठ मोडून घेतली आणि तू कॉफीचे आभार मानलेस! मेल्या, निदान फोकाच्चाचे तरी मानायचेस.

बाबांनी मात्र थेट चौदावं पान उघडलं. पाहिलं आणि हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "पोरी, फ्लोरेन्सवाल्याने मुठीला हात लावला गं! छापून लावला!" मग हसू थांबलं आणि डोळ्यांतलं पाणी तसंच राहिलं. तोवर मला एक वेडी आशा होती की तू पान पाहिलंस, उत्तर तुला आवडलं नाही, म्हणून आला नाहीस. त्या दिवशी कळलं, तू पाहिलंच नव्हतंस. आवडलं नसतं तर मी सोसलं असतं. तू एकदा वळून बघितलंही नाहीस, तसंच उचलून विकलंस, ते मला आजवर गिळता आलेलं नाही. मी ओरडून कुणाला सांगणार होते? आकड्यांची वही दाखवली असती तर पुस्तकावरूनच उतरवली म्हणाले असते, उरला पुरावा म्हणजे शाईने काळी झालेली बोटं, आणि ती तर साबणाने केव्हाच धुतली गेली होती. बाबा चौसष्टला गेले. त्यांनी रंगवलेल्या भिंतींपैकी आता ती एकच उरली आहे.

म्हणून सप्टेंबरात मी इंजिनिअरसाहेबांच्या मागे लागले. म्हटलं, "ते दार खोटं आहे. पुस्तक चुकलंय." "तुम्हाला कसं माहीत?" "चित्र माझ्या वडिलांनी काढलं आणि नकाशा मी." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, बादलीसकट. "प्रोफेसर बिफोलींचा नकाशा तुम्ही काढलात?" मग अगदी सौम्यपणे, आजारी माणसाशी बोलतात तसं, "सिन्योरा, तुम्ही जिन्याचं बघा, नकाशाचं आम्ही बघतो." मी संगीतशाळा काढणाऱ्या संस्थेला अर्ज केला. उत्तर आलं की प्रोफेसरांचं पुस्तक प्रमाण मानलं जाईल. तुला कळवावं असं क्षणभर मनात आलं. पण तीन पत्रांनी पोळलेली मी, ताकही फुंकून पिणार नाही तर काय?

सोमवार उजाडला. म्हातारा बाचिच्चा मुकादम आला, बाबांच्या ओळखीचा. त्याने भिंतीला कान लावला, हातोडीच्या दांड्याने ठोकलं. "साहेब, भिंत भरीव वाजतेय." "पुस्तकात दार आहे, बाचिच्चा." "मग पुस्तकाला ठोकून बघा." पण हुकूम तो हुकूम. संस्थेची माणसं धरून सातजण होते खोलीत. साहेब नकाशा हातात घेऊन, पूर्वेच्या भिंतीकडे पाठ करून, रंगवलेल्या मुठीवर बोट ठेवून सांगत होते, इथून सुरू करा. बाचिच्चाने छिन्नी टेकवली ती नेमकी माझ्या फोकाच्चावर. मी दारातून पुढे होऊ लागले तर मला बाहेर थांबायला सांगितलं. बाहेर तर बाहेर. मी खाली धावले, अर्ध्या मजल्यावर, कपाटातले कोट भिरकावले आणि त्या जिन्यात शिरले.

पन्नाशीचे गुडघे, मुठीएवढ्या पायऱ्या आणि वर बिजागरी गंजलेली. आईच्या पश्चात ते दार कुणी उघडलं नव्हतं. हातोडीचा पहिला ठोका ऐकू आला, आणि मी देवाचं नाव घेऊन खांदा मारला. रंगाच्या खपल्या उडाल्या, फळी करकरली, आणि मी धुळीने माखलेली, एक जाळं केसांत घेऊन, त्या सातजणांच्या पाठीमागे भिंतीतून बाहेर पडले. संस्थेची एक बाई किंचाळली. इंजिनिअरसाहेब गर्रकन वळले, बोट अजून मुठीवरच. एवढी वर्षं जे तुझ्यासाठी राखून ठेवलं होतं ते मी त्या परक्या माणसापुढे केलं, कोर्रादो. आणि मला रडूच कोसळलं. त्यांना वाटलं धुळीने.

डोळे पुसून मी विचारलं, "साहेब, मी आत्ता आले ते दार तुमच्या पुस्तकात कुठाय?" त्यांनी नकाशा पाहिला, उलटा केला, सुलटा केला. बाचिच्चाने हातोडी खाली ठेवली आणि म्हणाला, "पुस्तकात दार आहे तिथे भिंत, आणि भिंत आहे तिथून एर्सिलिया निघते. आजपासून मी फक्त माझ्या कानांचं ऐकणार." मग त्यांनी बारीक भोक पाडून पाहिलं, चित्राच्या अगदी खालच्या कडेला. पाच विती आत गेले तरी दगडच. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. बाहेर येऊन त्यांनी महाजिन्याच्या छताकडे किती तरी वेळ पाहिलं. छिन्नीने फोकाच्चाचा एक घास तेवढा गेला आहे. जाऊ दे, तो मी खाल्ला असं समजते.

आणि बाचिच्चाने आठवण ठेवली हं! "साहेब, मुठीला हात लावलात. या घरात खुर्चीवर चढावं लागतं." इंजिनिअरसाहेब चढले. इस्त्रीच्या कपड्यांत, सगळ्यांसमोर, बेसूर, पण दोन कडवी पूर्ण गायले. तेव्हाच मी त्यांना मनातल्या मनात माफ केलं. दुसरी वाट आता आमच्या जिन्यातून काढणार आहेत, रुंद करून. बाबांची भिंत वाचली.

इथवर झालं असतं तर मी तुला पत्र लिहिलं नसतं. पण ओनेतो नियमाचा माणूस. चूक कशी झाली याचा खुलासा त्यांनी तुझ्याकडे मागितला, संस्थेच्या कागदावर, आणि लिहिलं की पुस्तकाची नवी आवृत्ती निघतेय तेव्हा प्रकाशकालाही कळवावं लागेल. आणि बघ चमत्कार, तुला लगेच सवड झाली! पाच दिवसांत उत्तर. ते घेऊन ओनेतो सत्तावीस सप्टेंबरला माझ्याकडे आले, सोबत गरम फोकाच्चा. मान खाली घालून म्हणाले, "सिन्योरा, वाचू नका खरं तर. प्रोफेसरसाहेबांनी सगळं तुमच्यावर ढकललंय."

मी वाचलं. पाठ झालंय मला. 'पान चौदावरील रेखाटन त्या वेळी महालाच्या दाराशी राहणाऱ्या एर्सिलिया कानेपा नावाच्या मुलीने केले होते. त्या खोलीची मोजमापे, शाई व अक्षर तिचेच असून मी त्या दिवशी उपस्थित नव्हतो. सदर चूक सर्वस्वी तिची आहे.' खाली तुझी सही, तीच ती, शेपटी उडवलेली. पुस्तक गाजलं, पदकं मिळाली, तुला प्रोफेसरकी मिळाली, तेव्हा तुला माझं नाव आठवलं नाही. चूक सापडली आणि लगेच आठवलं, आडनावासकट! मला वाटलं होतं तू मला विसरलास. विसरला नव्हतास रे. नाव खिशातच ठेवलं होतंस, असल्या वेळेसाठी.

आधी मी टेबलावर मूठ आपटली. मग दुसऱ्यांदा वाचलं, आणि हसायलाच लागले. ओनेतो घाबरले. मी म्हटलं, "साहेब, हा कागद मला हवा." कारण बघ ना, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! चौदावं पान माझं आहे, शाई माझी, अक्षर माझं, हे तू स्वतःच्या सहीने लिहून दिलंस. आणि उरलेल्या एक्केचाळीस पानांवर तीच शाई आहे, तेच अक्षर आहे, आणि खाली तीच वितीची मापपट्टी, जी फ्लोरेन्सचा माणूस जन्मात काढणार नाही. चूक माझी असेल तर रेघही माझी. मी प्रकाशकाला तुझा कागद आणि माझी वही पाठवली, ओनेतोंनी त्यांचं शिफारसपत्र जोडलं. शनिवारी उत्तर आलं. नव्या आवृत्तीत 'रेखाटने : एर्सिलिया कानेपा' असं छापणार आहेत, मुखपृष्ठावर, तुझ्या नावाखाली. आणि चौदावं पान मला पुन्हा काढून द्यायला सांगितलंय.

आता हे पत्र का, ते सांगते. बदला म्हणून नाही, आभार मानायला तर नाहीच नाही. तू कमानींच्या सज्जात मला विचारलं होतंस, माझ्याशी लग्न करून फ्लोरेन्सला येशील का, म्हणून. ते चौदाव्या पानावरचं दार म्हणजे माझा होकार होता, कोर्रादो. तू तो न वाचताच छापलास, आणि इतकी वर्षं तो लोकांच्या कपाटांत उघडा पडून राहिला. काल मी नवं पान टपालात टाकलं. इतक्या वर्षांनीही रेघ सरळ आली. पूर्वेला चोरदरवाजा आहे तिथे चोरदरवाजा दाखवलाय. पश्चिमेला भिंत, जाड, काळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठेही न तुटलेली. खाली कोपऱ्यात माझं नाव. पुस्तक तुझ्या घरी येईल तेव्हा या वेळी तरी चौदावं पान उघडून बघ. तुला उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते तिथे आहे.

तुझीच चूक,

एर्सिलिया कानेपा